धोंडूकाकीचं सपान

धोंडूबाईनं पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि चित्रातला एक अंगठा पुसून टाकला.

"हा असा नव्हता," ती म्हणाली.

रंग अजून वाळला नव्हता. अंगठ्याच्या जागी मातकट फराटा उमटला. भिवाजीनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि स्वतःची उजवी मूठ आवळून डोळ्यांसमोर धरली.

"माझा अंगठा तर बाहेरच राहतो, काकी."

"तुजा ऱ्हाईल. तू बाप्या मानूस. तान्ह्या पोराची मूठ बग कदी. अंगठा आत असतो. बाकीची बोटं त्याला धरून ठेवत्यात."

"म्हणजे या तान्ह्या पोरांच्या मुठी?"

"मग काय मी तुजी मूठ लावली शेतात?"

दाराशी बसून तांदूळ निवडणारी इंदूबाई, भिवाजीची बायको, खुदकन हसली. भिवाजीलाही हसू आलं. पण हसता हसता त्यानं फडकं ओलं केलं आणि सकाळपासून काढलेले सगळे अंगठे एकामागून एक पुसायला घेतले. एकंदर चाळीसेक होते. धोंडूबाई कमरेवर हात ठेवून ते पाहत उभी राहिली.

चित्र आठ हात लांब होतं. त्यात पाण्यानं भरलेलं एक खाचर होतं, आणि लावणीला आलेल्या भाताच्या रोपांऐवजी नुसत्या मुठी. रोपांच्या जुडीला या भागात मूठच म्हणतात. बांधावरून मुठी फेकायच्या आणि बायकांनी वाकून त्या चिखलात लावायच्या, हे भिवाजीनं जन्मापासून पाहिलेलं. पण धोंडूबाईच्या सपनात त्या खरोखरच्या मुठी होत्या. ती एकेक उचलून हलक्या हातानं रोवत होती आणि रोवली की मूठ आपोआप उघडत होती. शेताच्या एका अंगाला सगळे तळवे आभाळाकडे उघडलेले, दुसऱ्या अंगाला अजून मिटलेल्या मुठी, आणि मधोमध पाठमोरी वाकलेली एक बाई.

"एवढ्या लावल्यास, मग पुढं काय झालं?" भिवाजीनं विचारलं.

"पुडं काय व्हनार? कंबर धरली," धोंडूबाई म्हणाली आणि निघून गेली.

भिवाजी ठोंबरे नेरळजवळच्या या शेलू गावचाच. लहानपणी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं बैल काढायचा. सोळाव्या वर्षी तो मुंबईला गेला आणि एका नाटक कंपनीत पडदे रंगवायला राहिला. दहा वर्षांत त्यानं राजवाडे काढले, बागा काढल्या, अरण्यं काढली. राजवाड्याला बारा खांब, बागेला एक कारंजं, अरण्यात एक हरिण. कंपनीच्या मालकांना याहून वेगळं काही नको असायचं. मग बेचाळीस साली जपानी बाँब पडणार म्हणून मुंबई रिकामी झाली, कंपनी बुडाली, आणि भिवाजी जुन्या पडद्यांची गठडी बैलगाडीत घालून गावाला परतला. त्याच पडद्यांच्या पाठीवर तो आता चित्रं काढत होता. घरामागच्या भाताच्या कोठारात, दार उघडं टाकून, सरस आणि रंगाची पूड कालवून. एका बाजूला कारंजं, उलट्या बाजूला मुठींचं शेत.

येताना त्यानं आणखी एक गोष्ट आणली होती. फोर्टातल्या रद्दीच्या दुकानात त्याला एक परदेशी मासिक मिळालं होतं. त्यातली भाषा त्याला कळत नव्हती, पण चित्रं कळत होती. कुणाच्या डोक्याच्या जागी ढग होता, कुणाच्या पोटात दार होतं. दुकानदारानं सांगितलं की तिकडचे हे लोक सपनं रंगवतात. भिवाजीला त्या रात्री झोप लागली नाही. आपण दहा वर्षं काय करत होतो, असं त्याला वाटलं.

गावी आल्यावर त्यानं स्वतःची सपनं पाहायचा प्रयत्न केला. पण त्याला पडायचं ते एकच, की नाटक सुरू झालंय आणि पडदा वर जात नाही. शेवटी तो नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारायला लागला, रात्री सपनात काय पाहिलंत म्हणून. बायका हसून लोटपोट झाल्या. शेजारची सुंदरा तेवढी म्हणाली, "मी पोटभर जेवले."

"काय जेवलीस?"

"तांदळाची भाकर. मोठी, ह्ये एवढी. संपतच नव्हती."

"मग?"

"मग जाग आली, दादा."

लढाईच्या दिवसांत तांदूळ सरकारी कोट्यातून मोजून मिळे. भिवाजीनं मान हलवली आणि पुढे गेला. घरी आल्यावर इंदूबाईनं त्याला ऐकवलं, "सुंदरेचं का नाय लिवून घेतलंत? भुकेल्याचं सपान काय सपान नाय?" मग त्यानं पहिलं चित्र काढलं ते सुंदरेचंच. माथेरानच्या डोंगरावर चंद्राऐवजी भाकर उगवलेली, कडेला थोडी करपलेली, आणि पायथ्याच्या गावांवर तिचा पांढुरका उजेड. सुंदरा ते पाहायला अगदी जवळ गेली. मग म्हणाली, "वास येतोय, दादा."

ते चित्र नेरळ स्टेशनसमोरच्या चहाच्या दुकानात भिवाजीनं टांगलं. आणि त्यानंतर तीन-चार दिवसांनी धोंडूबाई आपणहून कोठाराच्या दाराशी आली.

धोंडूबाई नात्यानं त्याची लांबची चुलती. पन्नाशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. नवरा कधीच गेला होता. एकुलता मुलगा गजा. खालापूरला भरतीवाले आले तेव्हा तो तिथं जाऊन पलटणीत दाखल झाला होता, आणि बेचाळीसच्या पावसाळ्याच्या अखेरीस कागद आला होता की मिसर देशाच्या बाजूला लढाईत तो बेपत्ता आहे. मेला असं कागदात लिहिलेलं नव्हतं, जिवंत आहे असंही नव्हतं. धोंडूबाई त्याबद्दल कुणाशी बोलत नसे, म्हणून गावही तिच्यासमोर बोलत नसे. ती घायपाताचे दोर वळायची. शेलूतल्या प्रत्येक विहिरीवर तिचाच दोर होता. भिवाजीचे पडदे ताणून बांधायलाही तिनंच दोर दिला होता.

"तुला सपनं लागत्यात म्हनं," त्या दिवशी ती म्हणाली. "माज्याकडं हाय एक."

आणि तिनं नदी सांगितली. उल्हास नदी एका सकाळी उठून उभी राहिली. भिंतीसारखी नव्हे, पाणी भरून निघालेल्या बाईसारखी, किंचित एका बाजूला कललेली. मासे तिच्यातून बाहेर पाहत होते, जसे लोक खिडकीतून पाहतात.

भिवाजी ऐकता ऐकता जमिनीवर बसला. "आणि नदीचा तळ? तो ओला होता की कोरडा?"

"कोरडा," धोंडूबाई क्षणाचाही विचार न करता म्हणाली. "पानी सगळं वर गेलं ना."

तेव्हापासून दर आठ-दहा दिवसांनी ती यायची, कधी नवं सांगायला, बहुतेकदा काढलेलं बघायला. एकदा तिनं माथेरानची छोटी गाडी सांगितली. ती डोंगर उतरून थेट तिच्या घरात शिरली, चुलीला वळसा घालून मागच्या दारानं बाहेर पडली, आणि तिच्या प्रत्येक खिडकीत एकेक जेवायचं ताट होतं, माणूस एकही नव्हता. एकदा तिनं घरासमोरची चिंच सांगितली. ती रोज दुपारी मुळं उचलून, परकराचा काठ धरल्यासारखी, चालत नेरळ स्टेशनात जायची, गाडी येऊन गेली की तशीच परत येऊन आपल्या खड्ड्यात उभी राहायची. भिवाजीनं विचारलं, चिंचेच्या सावलीचं काय? धोंडूबाई म्हणाली, सावली घरीच ऱ्हायची, कोनतरी घर राखाय नको?

असं तिला काही विचारलं की उत्तर तयार असायचं, आणि ते उत्तर चित्रापेक्षाही सरस निघायचं. भिवाजी मनातल्या मनात तिला हात जोडायचा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईच्या आत एवढं मोठं काय भरलं आहे आणि ते तिच्या झोपेत कसं वर येतं, याचं त्याला रोज नवल वाटायचं. तो इंदूला म्हणायचा, "आम्ही सगळे वरवर पोहतो गं. काकी तळाला जाऊन येते." इंदू एखादे वेळी त्याच्याकडे नुसती पाहायची.

चव्वेचाळीसच्या फाल्गुनात मुंबईहून सबनीस आले. चाळिशीचे, चष्म्याचे, चित्रांवर लिहिणारे गृहस्थ. आदल्या उन्हाळ्यात माथेरानला जाताना त्यांनी चहाच्या दुकानात सुंदरेची भाकर पाहिली होती आणि छोटी गाडी सुटून गेली तरी ते तिच्यासमोरून हलले नव्हते. मुंबईत त्यांच्या मंडळाचं नव्या चित्रकारांचं प्रदर्शन भरणार होतं. त्यासाठी चित्रं निवडायला ते आले होते.

कोठारात शिरल्यावर त्यांनी टोपी काढली ती परत घातली नाही. नऊ चित्रं होती. प्रत्येकासमोर ते उभे राहिले, मागे सरले, पुन्हा जवळ गेले. चिंचेच्या चित्रापाशी त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अतिवास्तव," ते हळूच म्हणाले. "पॅरिसमध्ये लोक यासाठी जीव टाकतायत, ठोंबरे, आणि तुम्ही हे शेलूत बसून करताय."

"मी नाही," भिवाजी म्हणाला. "सपनं काकीची आहेत."

"मला त्यांना भेटायचंय."

इंदूबाईनं धोंडूबाईला बोलावून आणलं. ती भाताच्या वाफ्यात जाळायच्या राबासाठी पाला गोळा करून आली होती. केसांत सुकी पानं तशीच. ती उंबऱ्याच्या आत येऊन भिंतीशी बसली. सबनीसांनी वही उघडली. त्यांचा आवाज नम्र होता.

"बाई, तुम्हाला ही स्वप्नं कधी पडतात? पहिल्या झोपेत, की पहाटे?"

धोंडूबाईनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग भिवाजीकडे. मग केसांतलं एक पान काढून चुरगाळलं.

"सायब लांबून आलेत," ती म्हणाली. "त्यांच्याशी खोटं नाय बोलवत. मला सपान पडत नाय, सायब."

"म्हणजे?"

"झोप यील तर सपान पडंल. गजाचा कागद आला, तवापासनं डोळ्याला डोळा नाय माज्या. पडते, पर झोप नाय लागत. मग उटून दोर वळत बसते. अंधारात बी वळता येतो दोर, घासलेट लागत नाय."

सबनीसांनी विचारलं, "मग नदी? गाडी? हे सगळं?"

"ते मी रचते. रात लांब असते, सायब. हात दोरावर असले तरी डोळ्यापुडं काय तरी लागतं. मग नदीला उबी करायची, चिंचंला चालवायची. नायतर तेच येतं."

"तेच म्हणजे काय?"

"तेच," धोंडूबाई म्हणाली.

सबनीसांनी पुन्हा विचारलं नाही. भिवाजी पुढे सरकला. "मला सपान म्हणून का सांगितलंस, काकी?"

"तू सपनं इचारीत फिरत व्हतास नि बाया हसत व्हत्या तुला. मला वाटलं, आपल्याकडं हाय तर द्यावं पोराला. जागंपनी रचलंय म्हनले असते तर तू येडी म्हनला असतास. सपनाला कोन नावं ठेवत नाय." ती उठली. "जाते मी. पाला तसाच टाकून आलेय."

ती गेल्यावर सबनीसांनी वही मिटली. बाहेर अंगणात येऊन ते भिवाजीकडे वळले.

"अवघड झालं," ते म्हणाले. "मंडळाला मी कळवलंय की ही एका शेतकरी बाईची स्वप्नं आहेत. त्याचंच त्यांना अप्रूप आहे. तुम्ही गप्प राहिलात तर कुणाला कळणार नाही."

"खरं ते लिहा. आणि काकीचं नाव लिहा."

"त्या काही चित्रकार नाहीत, ठोंबरे."

"चित्रं मी काढली. पण बघितली आधी तिनं."

सबनीस हसले नाहीत. "बोलून पाहतो," एवढंच म्हणाले.

ते गेल्यावर भिवाजी कोठारात परत आला. तीच नऊ चित्रं होती. खिडकीखिडकीत ताट आणि माणूस एकही नाही. स्टेशनात गाडीची वाट पाहणारं झाड. पाठमोरी बाई, तिच्या हातात तान्ह्या पोराची मूठ, अंगठा आत धरलेला. वर्षभराहून अधिक त्यानं या सगळ्याचे रंग घोटले होते. त्यानं हात पुढे केला आणि चित्राला न लावताच मागे घेतला.

इंदूबाई दिव्याची काच पुसत होती. तो तिच्यासमोर जाऊन बसला.

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्या बायांना ठाऊक हाय. पहाटं पान्याला जाताना तिच्याकडं दोराचा ढीग दिसतो. एवढा दोर झोपलेल्या मानसानं वळलेला नसतो."

"मग मला का नाय सांगितलंस?"

इंदूबाईनं काच उजेडात धरून पाहिली. "तुमी सपनं इचारलीत सगळ्यांना," ती म्हणाली. "झोप लागते का, ह्ये कुटं इचारलंत?"

दुसऱ्या दिवशी तो धोंडूबाईकडे गेला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत जुळवलं होतं, पण तिथं गेल्यावर तो नुसताच तिच्यासमोर बसून दोराच्या पेडाचं दुसरं टोक धरून राहिला. ती वळत होती. मग तो म्हणाला, "काकी, आता नको सांगूस मला काही. तुला त्रास होतो."

तिचे हात थांबले. "असं करू नको रं भिवा," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज त्याला बारीक वाटला. "तुला सांगायचं असतं, म्हनून रातचं रचाय व्हतं. तू काडशील, मग मी बगीन, मग कायतरी चुकलेलं सापडंल. त्यात दोन रोज जात्यात. नाय सांगितलं तर मी काय करू?"

त्यानंतर तो रोज दुपारी तिला बोलावू लागला, सांगण्यासारखं काही असो वा नसो. इंदू तिला कण्यांची पेज द्यायची. कधी सुंदरा येऊन बसायची. भिवाजी रंगवायचा आणि बायका बोलायच्या, आणि मधेच कुणीतरी म्हणायचं, त्या माशाला जरा हसतं कर, किंवा हा डोंगर उगाच मधे आलाय, त्याला बाजूला घे. तो ऐकायचा. मुंबईच्या दहा वर्षांत त्याला असे गुरू मिळाले नव्हते.

चैत्रात सबनीसांचं कार्ड आलं. उद्घाटन अमुक तारखेला सकाळी, आदल्या दिवशी ते स्वतः चित्रं न्यायला येतील. त्यांच्यासाठी नेरळला बैलगाडी पाठवायची, त्याच गाडीतून चित्रं स्टेशनात न्यायची आणि पाच वाजताची गाडी पकडायची. रात्री हॉलला कुलूप लागण्याआधी चित्रं भिंतीवर चढली पाहिजेत, नाहीतर ती जागा दुसऱ्याला जाईल.

चित्रं न्यायच्या दिवशी दुपारी भिवाजीनं नऊच्या नऊ कोठाराबाहेरच्या पडवीत आणली. गुंडाळण्याआधी धोंडूबाईनं ती सगळी एकत्र पाहावीत, अशी इंदूची इच्छा होती. आजवर तिनं एका वेळी एकच पाहिलं होतं. धोंडूबाई सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. या वेळी तिनं एकही चूक काढली नाही. मग भिवाजी एकेक चित्र गुंडाळू लागला. आठ वळकट्या झाल्या, त्यांचा ढीग त्यानं भिंतीशी लावला. धोंडूबाई त्या ढिगाला टेकून बसली. मुठींचं चित्र तेवढं समोर पसरलेलं होतं, त्याच्या एका कोपऱ्यावर तिचा पाय होता.

"इंदू, दोरा आण गं," भिवाजी म्हणाला.

इंदूबाई आली ती ओठांवर बोट ठेवूनच. तिनं मानेनं खुणावलं.

धोंडूबाईची मान एका बाजूला कलली होती. तोंड थोडं उघडं होतं. छाती वरखाली होत होती, आणि प्रत्येक श्वासाबरोबर घशात बारीक घरघर वाजत होती. तिचा उजवा हात वळकट्यांवर पालथा पडला होता. नेहमी काहीतरी वळत, निवडत, पुसत असणारा तो हात असा रिकामा भिवाजीनं कधी पाहिला नव्हता.

तो पाहत राहिला. मग लांबून त्याला घुंगरांचा आवाज आला. सबनीसांना घेऊन बैलगाडी नेरळहून परत येत होती.

भिवाजी अनवाणीच धावला. वळणावर त्यानं गाडी अडवली आणि दोन्ही बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा दोन्ही हातांनी मुठीत घट्ट धरल्या. गाडीवान कान्हा त्याच्याकडे बघतच राहिला.

"काय झालं, ठोंबरे?" सबनीस वाकून म्हणाले.

"काकी झोपलीय."

सबनीसांना कळायला क्षणभर लागला. मग ते गाडीतून उतरले, आणि उरलेली वाट सगळे तसेच चालले: भिवाजी घुंगरं धरून उलट्या पावलांनी, बैल त्याच्या मागोमाग, कान्हा कासरा धरून, सबनीस बाजूनं.

अंगणात आल्यावर कान्हानं माळा सोडवून गवतात ठेवल्या. सबनीसांनी खिशातून एक छापील कागद काढून भिवाजीच्या हातात दिला. प्रदर्शनाची यादी होती. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. भिवाजीनं वाचलं. 'जागरण, नऊ चित्रं. भिवाजी ठोंबरे आणि धोंडूबाई, शेलू.'

"तीन बैठका झाल्या यावर," सबनीस कुजबुजले.

भिवाजीनं ती ओळ पुन्हा वाचली. दुसऱ्या नावावरून त्यानं अंगठा फिरवला.

"चारला दहा मिनिटं आहेत," सबनीस म्हणाले. "आता निघायला हवं. हळूच उठवा त्यांना. नुसतं बाजूला सरकायचं तर आहे."

भिवाजीनं पडवीकडे पाहिलं. इंदूबाई धोंडूबाईच्या शेजारी बसून पदरानं तिच्यावरच्या माश्या वारत होती.

"दीड वर्षानं निजलीय ती," तो म्हणाला.

"ठोंबरे, परत अशी संधी..." सबनीस बोलता बोलता थांबले. भिवाजी त्यांच्याकडे पाहत होता. त्या नजरेत हट्ट नव्हता, रागही नव्हता. सबनीसांनी एकदा घड्याळ पाहिलं. मग ते अंगणातल्या उखळीवर बसले, पायांतले बूट काढले आणि शेजारी नीट जोडून ठेवले.

कान्हा गाडीखाली आडवा झाला. सुंदरा घागर घेऊन आली आणि सगळ्यांना असं बसलेलं पाहून घागर न वाजवता खाली टेकवून तीही बसली. ऊन पडवीतून उतरलं, अंगणातून सरकलं. सव्वापाचच्या सुमारास रुळांच्या बाजूनं गाडीची शिटी आली, मुंबईकडे निघालेली. सबनीसांनी मान वर केली नाही. भिवाजीनं यादीची घडी घालून ती खिशात ठेवली.

दिवेलागणीला धोंडूबाई हलली. डोळे उघडून तिनं आधी आढ्याकडे पाहिलं, मग इंदूकडे, मग अंगणात बसलेल्या माणसांकडे. आपण कुठं आहोत हे तिला उमगायला वेळ लागला.

"माजा डोळा लागला व्हय गं?"

"हां," इंदू म्हणाली.

धोंडूबाई सरळ बसली. गालावर वळकटीच्या काठाचा वळ उमटला होता. तिनं तो चाचपला. मग तिचा चेहरा एकदम बदलला, जणू काहीतरी ठेवलेलं तिला आठवलं.

"सपान पडलं मला," ती म्हणाली.

सबनीस उखळीवरून अर्धवट उठले. सुंदरा जवळ सरकली. भिवाजी पडवीच्या पायरीवर, तिच्यापासून दोन हातांवर होता. धोंडूबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि तो विचारण्याची वाट पाहिली. त्यानं सपनाचं विचारलं नाही, इंदूला पाणी द्यायची खूण केली.

"चांगलं व्हतं," ती शेवटी म्हणाली.

इंदूनं दिलेलं पाणी ती सावकाश, सगळं प्यायली. पदर नीट केला, भिंतीचा आधार घेऊन उठली, आणि अंगणातून आपल्या घराकडे चालू लागली. सबनीस तिच्या पाठीकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी भिवाजीकडे वळून पाहिलं.

भिवाजी बैलांना पाणी दाखवायला उठला होता.